संग्रहालयाला गाडीवाचून जाता यावे

संग्रहालयांबद्दल बोलणे निघाले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘आपल्या लोकांना याची आवडच नाही.’ दुसरे, ‘आवड असलेल्यांनी तरी कसे जायचे, गाडी लावायला जागा कुठे आहे?’ पहिल्या वाक्याने समाजाला दोष दिला जातो, दुसऱ्याने महापालिकेला, आणि दोन्ही म्हणून झाली की विषय संपतो. मला ही दोन्ही निदाने वरवरची वाटतात. न येणाऱ्या माणसाची अडचण काय असेल, याची पहिल्यात चौकशीच नाही. दुसऱ्यात चौकशी आहे, पण ती फक्त चारचाकीवाल्याची.

माझे म्हणणे असे आहे की, शहरातले संग्रहालय किती सार्वजनिक आहे हे तिथे स्वतःच्या गाडीशिवाय किती सहज, किती स्वस्तात आणि किती वेळा जाता येते यावर ठरते. संग्रह समृद्ध असेल, मांडणी उत्तम असेल, फलकही मराठीत असतील; पण बसथांब्यापासून दारापर्यंतची वाट तुटलेली असेल तर ते संग्रहालय शहरातल्या थोड्याच लोकांचे राहते. म्हणून बस, लोकल, मेट्रो, पदपथ आणि सायकल हा संग्रहालय चालवणाऱ्यांचा विषय आहे. ‘वाहतुकीचे ते वाहतूकवाल्यांनी बघावे’ असे म्हणून त्यांना मोकळे होता येणार नाही. हे मी टप्प्याटप्प्याने मांडतो. उदाहरणे मुख्यतः मुंबई-पुण्याची आहेत, कारण तिथली वाट पायाखालची आहे.

१. एकदा बघून संपणारी जागा नव्हे

संग्रहालयाचा उपयोग कसा होतो, याविषयीच आपली कल्पना चुकलेली आहे. आपण ते किल्ल्यासारखे ‘बघून’ टाकतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घेऊ. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा हा संग्रह आहे. दिवे, दौती, कुलपे, वाद्ये, दरवाजे, भांडी. एका दुपारी हे सगळे बघणारा माणूस खरे तर फक्त दालनांतून चालून जातो.

अडकित्त्यांचे कपाट घ्या. पहिल्या भेटीत कपाटभर अडकित्ते दिसतात, आणि ‘केवढे प्रकार!’ म्हणून आपण पुढे सरकतो. दुसऱ्यांदा गेलो तर एकाच अडकित्त्यापुढे थांबतो. मग दिसते की पाते आणि दांडा जिथे जुळतात ती खीळ कारागिराने लपवलेली नाही, तिचाच पक्ष्याचा डोळा केला आहे. हात जिथे दाबणार तिथे नक्षी उथळ ठेवली आहे, म्हणजे तळव्याला टोचणार नाही. हे बघायला दहा मिनिटे पुरतात, पण ती दहा मिनिटे मिळायला त्या रस्त्यावरून जाता-जाता आत डोकावता आले पाहिजे. संग्रहालय रोजच्या वाटेवर असेल तरच माणूस अर्ध्या तासासाठी आत जातो. ते गाडी काढून, कुटुंब गोळा करून, जागा शोधून गाठायचे ठिकाण असेल तर तो वर्षातून एकदा जातो, आणि एवढा खटाटोप केला म्हणून सगळे एकदम बघायला धावतो.

शाळेच्या सहलीतही हेच होते. मुले बसमधून दारात उतरतात, रांगेने आत जातात, रांगेने बाहेर येतात. त्यातले एखादे मूल खरोखर रंगून जाते. त्याला पुन्हा यायचे असते, पण आपण कुठे आलो, कोणत्या रस्त्याने आलो, कोणत्या नंबरची बस इथे येते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. घरी आई-वडिलांना तरी ठाऊक असते का? सहलीने मुलाला संग्रहालय दाखवले, पण तिथे परत यायचा रस्ता दाखवला नाही. पुण्यातल्या एखाद्या शाळेने चौथी-पाचवीच्या मुलांना साध्या पीएमपीच्या बसने संग्रहालयात नेले, वाहकाकडून तिकीट काढायला लावले, थांब्याचे नाव वहीत लिहून घ्यायला सांगितले, तर त्या मुलांना पुढच्या कितीतरी वर्षांचा प्रवेश मिळेल.

२. जागेची जुनी निवड

मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय भायखळ्याला आहे. आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी खुले झाले. त्याआधीचा संग्रह फोर्टमध्ये होता. तो तिथून हलून राणीबागेच्या आवारात आला, तेव्हा भायखळ्याला रेल्वे पोहोचून जवळजवळ वीस वर्षे झाली होती. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, ती याच मार्गावरून. संग्रहालय खुले झाल्यावर दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, शहरात घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. संग्रहालयाची जागा वाहतुकीचा विचार करूनच निवडली, असा दावा मी करत नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. एका अंगाला रेल्वे, समोर मोठा रस्ता, आणि उत्तरेला लालबाग-परळचे गिरणगाव. सुट्टीच्या दिवशी गिरणीकामगार बायकामुलांना घेऊन राणीबागेत जाई, तो पायी, ट्रामने किंवा लोकलने. मुंबईतल्या लाखो कष्टकरी घरांचा संग्रहालयाशी पहिला परिचय असाच झाला आहे.

दक्षिणेकडचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही तसेच. पायाभरणी १९०५ ची, इमारत जॉर्ज विटेटची, पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्करी रुग्णालय, आणि १९२२ मध्ये लोकांसाठी खुले. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दोन्ही स्थानके चालत जाता येतील अशा अंतरावर. बेस्टच्या बसवर ‘म्युझियम’ अशी पाटी लागते. आत कधी पाऊल न टाकलेल्या मुंबईकरालाही ते नाव ठाऊक असते. कोणत्याही जाहिरातीने एवढी ओळख मिळवून दिली नसती. आता भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते आणि हुतात्मा चौकाचे स्थानक संग्रहालयालगतच्या काळा घोडा चौकाच्या अगदी जवळ आले आहे.

पुण्यातही सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडईचे स्थानक केळकर संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आले. म्हणजे वाहतुकीचा सांगाडा आपल्याकडे आहे. अनेक शहरांना हेवा वाटावा असा तो आहे. मग माणसे अडतात कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी: वेळेत आणि शेवटच्या तुकड्यात.

३. रविवार आणि मेगाब्लॉक

नोकरी करणाऱ्या माणसाला संग्रहालयात जायला रविवारच मिळतो. मुंबईत याच दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. डोंबिवलीच्या एका कुटुंबाची कल्पना करा. सकाळची कामे उरकून, डबा भरून, दोन मुलांना तयार करून ते अकराला स्थानकावर पोहोचतात. माटुंगा-मुलुंड दरम्यान साधारण अकरा ते चार ब्लॉक. धिम्या गाड्या जलद मार्गावर किंवा जलद गाड्या धिम्यावर, काही स्थानकांवर थांबा नाही, आणि गाड्या निर्धारित वेळेपेक्षा पंधरा मिनिटे उशिराने धावतील अशी उद्घोषणा. हार्बरवर ब्लॉक असेल तर पनवेलच्या माणसाला थेट गाडीच नाही. आधीच रविवारचे वेळापत्रक, त्यामुळे गाड्या कमी. गर्दीत उभ्याने येऊन हे कुटुंब दीड-दोनला दारात पोहोचते. संध्याकाळी सहाच्या सुमारास दालने बंद होतात, त्याआधीच तिकीटखिडकी मिटते. मधल्या वेळात मुलांना भूक लागते, पाय दुखतात. पुढच्या वेळी हे कुटुंब मॉलमध्ये जाते, आणि आपण म्हणतो, यांना आवड नाही.

माझी तक्रार रेल्वेविरुद्ध नाही. रूळ, तारा आणि सिग्नल दुरुस्त व्हायलाच हवेत, आणि त्यासाठी रविवारसारखा दिवस नाही. तक्रार आहे ती संग्रहालयाच्या वेळापत्रकाविरुद्ध. ज्या पाच तासांत रेल्वे सर्वांत कमी भरवशाची असते, तेच पाच तास संग्रहालयाच्या रविवारचा गाभा आहेत, आणि हा मेळ कधी कोणी तपासलेला दिसत नाही. आठवड्यातल्या एका कामाच्या दिवशी संग्रहालय रात्री आठ-साडेआठपर्यंत उघडे ठेवा. फोर्टातल्या कार्यालयांमधून सुटणारा माणूस सहाला म्युझियमच्या फाटकासमोरून चर्चगेटकडे चालत असतो. तो आत येऊ शकतो, तासभर थांबू शकतो, आणि उशिराच्या गाडीला गर्दीही कमी असते. त्याच्या पासात हा प्रवास आधीच धरलेला आहे, त्यामुळे जादा भाड्याचा प्रश्न उरत नाही.

यात काही नवे नाही. भायखळ्याच्या संग्रहालयाचे जुने नाव पुढे लंडनच्या ज्या संस्थेनेही घेतले, तिच्या पूर्वसूरीने, १८५७ मध्ये उघडलेल्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने, गॅसचे दिवे लावून दालने रात्री खुली ठेवली होती. कामगाराला दिवसा वेळ नसतो, हे तिथले संचालक हेन्री कोल यांनी ओळखले होते. तिथेच पुढे १८८५ मध्ये रेल्वेस्थानकापासून संग्रहालयांपर्यंत पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग झाला, तो आजही वापरात आहे. वेळ आणि वाट, दोन्ही सोडवल्याशिवाय लोक येणार नाहीत, ही समज दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

४. शेवटचा तुकडा

भायखळा स्थानकाच्या इमारतीचे जतन इतके नेटके झाले आहे की तिला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. संग्रहालयाच्या इमारतीच्या जतनालाही २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालेला आहे. दोन गौरवलेल्या वास्तू, मध्ये दहा-पंधरा मिनिटांची चाल. ही चाल मात्र कोणीही जतन केलेली नाही. पूर्वेला उतरलेल्या माणसाला टॅक्सी, हातगाड्या आणि दुकानांच्या मांडणीतून वाट काढत डॉ. आंबेडकर मार्गाला यावे लागते. लहान मूल हाताशी असेल तर पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने चालावे लागते. मग तो मोठा रस्ता ओलांडायचा. लालबागचा उड्डाणपूल २०११ मध्ये झाल्यापासून परळकडून येणाऱ्या मोटारींना सिग्नल लागत नाहीत, त्यामुळे त्या वेगाने उतरतात. पायी चालणाऱ्याला मात्र तेवढाच रस्ता ओलांडायला जास्त वेळ थांबावे लागते. स्थानकातून बाहेर पडल्यावर ‘संग्रहालय इकडे’ असे ठळक दिसणारे बाण ठरावीक अंतराने लावले, एक चढ-उतार नसलेला सलग पदपथ केला आणि सिग्नलला पादचाऱ्यांचा वेळ वाढवला, तर यासाठी किती खर्च येईल? एखाद्या दालनाच्या नव्या काचपेट्यांपेक्षा तो खचितच जास्त नसेल.

पुण्यात अडचण वेगळी आहे. केळकर संग्रहालय बाजीराव रस्त्यालगत शुक्रवार पेठेत. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता ही वर्षानुवर्षांची एकेरी जोडी. जिथे उतरलो तिथूनच परतीची बस मिळत नाही, ती पलीकडच्या रस्त्यावर धरायची, आणि मधल्या गल्लीबोळांतून कसे जायचे हे नवख्याला कळत नाही. पेठेत राहणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. बारामतीहून, जुन्नरहून एसटीने स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला उतरलेल्या माणसाला मात्र हे कोडे पडते. संग्रहालयाच्या तिकिटाच्या पाठीमागे परतीच्या थांब्याचा छोटा नकाशा छापला तर हे कोडे सुटेल. तिथे सध्या काय असते? सूचना. हात लावू नका, फोटो काढू नका.

भाड्याचाही विचार केला पाहिजे. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा रुपये झाले, आणि पाठोपाठ जूनमध्ये पीएमपीचेही तेवढेच. चार मोठी माणसे, एकदा बस बदलून जाणार आणि येणार, तर कमीत कमी एकशेसाठ रुपये रस्त्यातच जातात. ज्या घरात महिन्याचा हिशेब वहीत मांडला जातो, तिथे हा आकडा संग्रहालयाच्या तिकिटाआधी मोजला जातो. लोकांनी यावे म्हणून प्रवेशशुल्क कमी ठेवणाऱ्या संस्थांनी त्या दिवसाचे बसतिकीट किंवा मेट्रोचा प्रवास दाखवणाऱ्याला आणखी सवलत दिली, तर सवलत योग्य माणसापर्यंत पोहोचेल. सरसकट कमी तिकिटाचा फायदा मोटारीने आलेल्यालाही तेवढाच होतो.

५. वाहनतळ कशाच्या बदल्यात मिळतो

आता दुसऱ्या लोकप्रिय निदानाकडे. ‘पार्किंग वाढवा.’ एका मोटारीला उभे राहायला आणि आत-बाहेर वळायला मिळून सुमारे २३ चौरस मीटर जागा धरावी, असा नियोजनातला संकेत आहे. म्हणजे अडीचशे चौरस फुटांच्या आसपास. मुंबईच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे राहिली. पन्नास मोटारींचा तळ करायचा तर साडेअकराशे चौरस मीटर जमीन हवी. प्रत्येक मोटारीतून तीन माणसे आली आणि दिवसातून तीनदा जागा बदलली, तरी साडेचारशे माणसे. भरलेल्या सात-आठ बसगाड्या तेवढी माणसे आणून सोडतात, आणि निघून जातात. दिवसभर जागा अडवून बसत नाहीत. फोर्टमध्ये किंवा शुक्रवार पेठेत साडेअकराशे चौरस मीटर मोकळी जमीन मिळालीच, तर तिथे एक नवे दालन, मुलांची कार्यशाळा किंवा झाडाखालची बाके का होऊ नयेत?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईने एकदा दिले आहे, आणि ते चुकीचे होते. ज्याच्यावरून चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव पडले, तो ब्रिटिश राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला. तो राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ नेऊन ठेवला. वसाहतकाळाची खूण चौकातून काढून संग्रहालयाच्या आवारात न्यावी, हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण मोकळ्या झालेल्या त्या जागेवर कितीतरी वर्षे मोटारी उभ्या राहिल्या. आजूबाजूला संग्रहालय, जहांगीर कलादालन, डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय. कोणत्याही शहराने अभिमानाने मिरवावा असा तो परिसर, आणि त्याच्या मधोमध वाहनतळ! १९९९ पासून तिथे कलामहोत्सव भरतो. रस्ता मोकळा होतो तेव्हा ती जागा माणसांसाठी किती चांगली आहे हे सगळ्यांना दिसते. महोत्सव संपला की जागा पुन्हा गाड्यांच्या स्वाधीन होते. याला सोय म्हणायला माझी तयारी नाही. थोड्यांच्या सोयीसाठी बहुसंख्यांची जागा घेतली जाते, असे याचे खरे वर्णन आहे.

आणि वाहनतळाने गर्दीचा प्रश्न सुटतो, हेही खरे नाही. तळ झाला की आणखी मोटारी येतात, आजूबाजूचे रस्ते तुंबतात, आणि त्याच रस्त्यांवरून येणारी बस उशिरा पोहोचते. तळाचा खर्च बसमधल्या प्रवाशाच्या वेळातून वसूल होतो.

६. सायकलीला जागा

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते, असे आपण फार हळवे होऊन म्हणतो. मला यात हळवेपणापेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली आरामात राहतात. पेठा, डेक्कन, शिवाजीनगर, कॅम्प ही अंतरे सायकलला अगदी बेताची आहेत. महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडाही मंजूर केला. त्याच सुमारास रस्त्यांवर भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्यावरून ‘पुणेकर आता सायकल चालवत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे पुन्हा तसेच वरवरचे होईल. पहाटे पेपर टाकणारी मुले, सोसायट्यांचे सुरक्षारक्षक, वसतिगृहातले विद्यार्थी सायकलच चालवतात. फक्त त्यांना कोणी सायकलस्वार म्हणून मोजत नाही, आणि संग्रहालयाचा संभाव्य प्रेक्षक म्हणून तर मुळीच नाही.

संग्रहालयात सायकलने जाणाऱ्याची भीती एकच असते. बाहेर आल्यावर सायकल जागेवर असेल का? दोन तास आत निवांत राहायचे असेल तर ही भीती आधी गेली पाहिजे. सायकल कडीला अडकवता येईल अशी लोखंडी चौकट पहारेकऱ्याच्या नजरेत, तिकीटखिडकीजवळ हवी. मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्याशेजारी नको. पावसाळ्यासाठी वर पत्रा. आत शिरल्यावर पाठीवरची पिशवी ठेवायला कुलुपाचा कप्पा. बसने किंवा सायकलने आलेल्या माणसाजवळ पिशवी, छत्री, पाण्याची बाटली असणारच, त्याच्याकडे गाडीची डिकी नसते. बहुतेक ठिकाणी पिशवी जमा करायला सांगतात. ती सुरक्षित राहील असा भरवसा मात्र क्वचितच देतात.

सायकल आणि संग्रहालय यांचा संबंध किती जिवंत असू शकतो हे ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने दाखवले आहे. १८८५ मध्ये उघडलेल्या या इमारतीच्या पोटातून एक कमानदार रस्ता आरपार जातो. २००३ ते २०१३ या दुरुस्तीच्या काळात प्रवेशद्वार प्रशस्त करण्यासाठी तिथली सायकलींची वाट आक्रसणारा आराखडा पुढे आला. सायकलस्वारांच्या संघटनेने आणि स्थानिक लोकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. वास्तुविशारदांना आराखडा बदलावा लागला, आणि २०१३ च्या मे महिन्यात सायकली पुन्हा त्या कमानीतून धावू लागल्या. आज रेम्ब्रांटची चित्रे ज्या दालनात आहेत, त्या दालनाच्या पायाखालून भाजी घेऊन घरी निघालेला माणूस सायकलवरून जातो. काचेतून आतले अंगण त्याला दिसते. नेदरलँड्सची सपाटी आणि तिथले हवामान आपल्याकडे नाही, हे मान्य. घेण्यासारखे आहे ते तत्त्व: रोजच्या जाण्या-येण्याला संग्रहालयाने बाहेर ढकलू नये.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत अवघड आहे. राणीबागेच्या प्राणिसंग्रहालयात सुट्टीच्या दिवशी हजारो लोक बसने आणि लोकलनेच येतात. २०१७ मध्ये पेंग्विनचे दालन उघडल्यावर तर रांगा लागल्या. संग्रहालय त्याच आवारात आहे. मग त्यातले बहुतेक लोक तिथे का वळत नाहीत? वाहतूक असूनही लोक येत नाहीत, म्हणजे प्रश्न आवडीचाच ना?

माझे उत्तर असे की वाहतूक ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. मुंबईची वाहतूक माणसाला दारापर्यंत आणते, हेच राणीबागेवरून सिद्ध होते. पुढचे दहा पावलांचे अंतर संस्थेने कापायचे आहे. वेगळे तिकीट, वेगळे फाटक, ‘हे आपल्यासाठी नाही’ असे वाटायला लावणारी शांतता, आणि प्राणी बघून दमलेली मुले. दोन्हींचे एकत्र तिकीट, बागेतून सरळ दिसणारी वाट, आणि आत लगेच बसायला जागा दिली तर किती फरक पडतो, हे आधी करून बघावे आणि मग आवडीवर बोलावे. त्या संग्रहालयात मुंबईतल्या जुन्या व्यवसायांच्या आणि लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. सुतार, विणकर, फेरीवाले. लालबागच्या माणसाला त्यात आपल्याच आजी-आजोबांची मुंबई भेटेल. त्याला आवड नाही असे मी तरी मानायला तयार नाही.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा आणि अपंगांचा. ‘म्हाताऱ्या माणसांना लोकलमध्ये चढवणार का?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्यात तथ्यही आहे. गर्दीच्या वेळी चाकाच्या खुर्चीवरचा माणूस लोकलने येऊ शकत नाही. म्हणून दाराशी गाडी थांबवून उतरवण्याची जागा हवी आणि अपंगांसाठी राखीव दोन-चार जागा हव्यात. पण या मोजक्या जागांचे कारण पुढे करून शंभर मोटारींचा तळ मागता येत नाही. शिवाय शहरातल्या बहुतेक वृद्धांकडे मोटार नाहीच. ते बसनेच येणार, आणि त्यांना अडवते ती पदपथाची उंच पायरी, उखडलेली फरशी, सावली नसलेला थांबा आणि सरकता जिना बंद पडलेले स्थानक. गुडघेदुखी असलेल्या आजींसाठी सलग पदपथ हीच खरी सोय आहे. मेट्रोच्या स्थानकांत उद्वाहक आहेत; त्यांच्या बाहेरच्या रस्त्याचे काय, हा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप: ‘लोकांनी यायची गरजच काय, संग्रहालयानेच लोकांकडे जावे.’ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधले फिरते संग्रहालय चालवले आहे. ती बस शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत जाते. हे काम मोलाचे आहे, आणि जिथे जवळपास संग्रहालयच नाही तिथे त्याला पर्याय नाही. पण शहरातल्या मुलाच्या बाबतीत ती बस आमंत्रण ठरावी. तिच्यात मांडलेली वस्तू बघून मूल खूश झाले आणि ‘मोठे म्युझियम कुठे आहे?’ असे विचारले, तर त्याला सोप्या वाटेचे उत्तर मिळायला हवे. संगणकावरच्या चित्रांचेही तसेच. अडकित्ता पडद्यावर तळहाताएवढा आहे की दाराएवढा, हे कळत नाही.

चौथा आक्षेप संस्थांकडूनच येतो. ‘बस आमच्या हातात नाही, पदपथ आमच्या हातात नाही, आमच्याकडे माणसे नाहीत, पैसा नाही.’ पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तरीही संग्रहालयाच्या हातात बरेच आहे, आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. कार्यक्रमाच्या प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर ‘वाहनतळाची सोय आहे’ किंवा ‘नाही’ असे छापले जाते, त्या ओळीच्या जागी जवळचे स्थानक, बसचे क्रमांक, थांब्याचे नाव आणि शेवटच्या बसची वेळ छापावी. व्याख्यान रात्री नऊला संपणार असेल आणि त्या मार्गावरची बस साडेआठला बंद होत असेल, तर व्याख्यान सहाला ठेवावे. दारावरच्या पहारेकऱ्यांना आणि शिपायांना विचारावे, ते कशाने येतात. त्यांच्याइतकी ती वाट दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते, आणि दिशादर्शक बाण कुठे लावायचे हे ते एका फेरीत सांगतील.

सगळ्यांत आधी तिकीटखिडकीवर एक रकाना वाढवावा. आज तिथे मोठे किती, लहान किती, विद्यार्थी किती, परदेशी किती, याची नोंद होते. ‘कशाने आलात?’ हे कोणी विचारत नाही. पायी, सायकल, बस, लोकल किंवा मेट्रो, रिक्षा, दुचाकी, मोटार: सात खुणा. वर्षभराची ही नोंद घेऊन संग्रहालयाचा संचालक बेस्टकडे, पीएमपीकडे किंवा प्रभाग कार्यालयाकडे गेला, तर थांबा हलवण्याची, सिग्नलचा वेळ वाढवण्याची, पदपथ दुरुस्त करण्याची मागणी तो आकड्यांनिशी करू शकेल. आज त्याच्याकडे अभ्यागतांच्या वहीतले अभिप्राय आहेत, आणि त्यात गाडी लावायला जागा मिळाली नाही असे लिहिणाऱ्यांचा आवाज सर्वांत मोठा आहे. थांब्यावर तासभर उभे राहून, कंटाळून घरी परतलेल्या माणसाला त्या वहीपर्यंत पोहोचताच आलेले नाही.